वळशांचा झारा

या घरात तळणीसमोर एका वेळी एकच बाई उभी राहते. हा नियम कुणी केला हे सांगता येत नाही. घरातले बाकीचे नियम रोज मोडले जातात. चपला रांगेत ठेवायच्या असतात, त्या दारात एकमेकींवर चढून बसलेल्या असतात. पाण्याची मोटार वेळेवर बंद करायची असते, ती शेजारी ओरडल्यावर बंद होते. तळणीचा नियम मात्र मोडलेला कुणी पाहिलेला नव्हता. जिच्या हातात झारा, तिचं घर. बाकीच्यांनी त्या घरात राहायचं.

तळायचे असतात वळसे. मैद्यात कडकडीत तेलाचं मोहन घालायचं, दुधाने घट्ट मळायचं, ओल्या फडक्याखाली ठेवायचं आणि मग हात दुखेपर्यंत पातळ लाटायचं. दातेरी चाकाच्या कातण्याने पट्ट्या कापायच्या, प्रत्येक पट्टीला मधोमध चीर द्यायची आणि पट्टीचं एक टोक त्या चिरेतून ओढून घ्यायचं. पट्टीला आपोआप पीळ पडतो. तो वळसा. तेलात सोडला की अंगावर फोड आल्यासारखा फुलतो, वरून पिठीसाखर भुरभुरली की झाला. ऐकायला सोपं आहे. तेल गार असेल तर वळसा तेल पीत बसतो, फार तापलं तर बाहेरून लाल आणि आतून कच्चा राहतो. या दोन्हींच्या मधे एक बारीकशी वेळ असते. ती ओळखणं एवढंच झारेवालीचं काम, आणि ते नाकाने करायचं असतं. कणकेची गोळी टाकून बघणाऱ्या बायकांबद्दल या घराचं मत फार वाईट होतं. गोळी टाकणं म्हणजे परीक्षेत शेजारच्याच्या पेपरात डोकावणं, असं सासूबाई म्हणत.

वळसे रोजचे नव्हेत. घरातून कुणी लांब राहायला निघालं, किंवा लांबून परत आलं, की होतात. त्यामुळे वास सुटला की शेजारी विचारतात, "कोण चाललं?" नुसतेच खावेसे वाटले म्हणून कुणी मागितले, तर त्याला "तू कुठे चाललास?" असं विचारलं जातं.

तेलाचंही शास्त्र आहे. कोऱ्या तेलात वळशांना रंग चढत नाही, ते आजारातून उठल्यासारखे फिके राहतात. म्हणून मागच्या खेपेचं गाळून ठेवलेलं तेल पळीभर कोऱ्या तेलात घालायचं, दुधाला विरजण लावतात तसं. हे जुनं तेल ओट्याखाली स्टीलच्या बरणीत असतं. शेजारी तश्शीच दुसरी बरणी असते. तिच्यात मासे तळलेलं तेल असतं, कारण घरातल्या धाकट्या भावाला आठवड्यातून एकदा मासे लागतात आणि घराला तेल फेकवत नाही. गाळल्यावर दोन्ही तेलं दिसायला सख्ख्या बहिणी. धाकट्याने एकदा बरण्यांना चिकटपट्ट्या लावून नावं लिहिली, तर सासूबाईंनी त्या ओल्या फडक्याने खरवडून काढल्या. "ज्याला वासाने कळत नाही त्याने स्वयंपाकघरात येऊ नये," त्या म्हणाल्या. धाकटा तेव्हापासून स्वयंपाकघरात फक्त जेवायला येतो.

थोरली सून या घरात आली ती नाक घेऊनच. नवी नवरी होती, आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसली होती आणि सासूबाई वळसे तळायला उभ्या होत्या. थोरली बसल्या जागेवरून म्हणाली, "आई, तेल आलं." सासूबाईंचा पहिला वळसा तेव्हा बोटांतच होता. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मनाला लावून घेण्यासारखं तसं काही नव्हतं, पण गादीवरच्या माणसाला वारस दिसला की त्याची भूक मरते.

पुढे सासूबाईंचा हात कापायला लागला. एकदा झाऱ्यातून गरम वळसा निसटून त्यांच्याच पायावर पडला, तेव्हा थोरलीने त्यांच्या हातातून झारा काढून घेतला. "आई, तुम्ही आता आराम करा," असं म्हणून तिने त्यांना बाहेरच्या खोलीतल्या हाताच्या खुर्चीत बसवलं आणि मांडीवर मटारांची परात दिली. सासूबाई मटार सोलायला लागल्या. एकदा खुर्चीतूनच त्या म्हणाल्या, "तेल जास्त झालं." झालंच होतं. आतून सगळे एका सुरात म्हणाले, "हो हो, आई." त्यानंतर त्यांनी तेलाबद्दल काही सांगितलं नाही. मटारांचा हंगाम संपला की शेंगा निवडत, शेंगा संपल्या की तांदळातले खडे बघत. त्या गेल्यावरही खुर्ची तिथेच राहिली. तिच्यात कुणी बसत नाही. थोरली तर तिच्यावर वाळलेले कपडेसुद्धा टाकत नाही.

धाकटी सून मागाहून आली आणि तिच्या हातात लाटणं आलं. ती लाटते ते इतकं पातळ की उचलताना श्वास धरावा लागतो. लाटता लाटता तिची मुलगी लग्नाची झाली. एकदाच तिने म्हणून बघितलं होतं, "वहिनी, एक घाणा मी तळू का?" थोरली म्हणाली, "तू लाटतेस तसं कुणाला येतंय गं?" हे कौतुक होतं आणि धाकटीने ते कौतुक म्हणूनच घेतलं. त्या कौतुकाला बाहेरून कडी घातलेली होती, हे दोघींनाही कळत होतं.

थोरली गल्लीच्या तोंडाशी असलेल्या लाँड्रीत काउंटरवर बसते. तिथेही तिचं नाव नाकामुळेच झालं. कपड्यावरची चिठ्ठी हरवली की ती शर्ट हुंगून मालक सांगायची. एक गृहस्थ एकदा भलत्याच शर्टवर हक्क सांगत होते. "हा तुमचा नाही," ती म्हणाली, "हा सिगारेट ओढणाऱ्याचा आहे. तुम्ही तर ओढत नाही, असं तुमच्या मिसेस सांगतात." गृहस्थांनी दुसरा शर्ट उचलला आणि गेले.

अशा बाईला सर्दी झाली. सर्दी सगळ्यांना होते तशी झाली, राहिली आणि गेली. जाताना वास घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, येईल परत, कदाचित नाहीही येणार, वाट बघा. थोरली रोज सकाळी साबणाची वडी नाकाशी धरून वाट बघायची. मग वडी जागेवर ठेवायची आणि कामाला लागायची. घरी तिने यातलं अवाक्षर काढलं नाही. सासूबाईंच्या मांडीवर परात कुणी ठेवली होती हे तिला चांगलं आठवत होतं, आणि आपल्या मांडीवर ठेवणारी बाई घरात तयार आहे हेही ती जाणून होती.

लाँड्रीत एकदा मागच्या बाजूला खळ करपली. धूर यायच्या आधी वास आला, मालक पळत आले, इस्त्रीवाला पळत आला. थोरली काउंटरवर शांतपणे बटणं लावत होती.

"अहो, खळ जळली की सगळी! वास येत नाही तुम्हाला?"

"मघाशीच आला," थोरली म्हणाली. "म्हटलं बघू, तुम्हाला केव्हा कळतं."

मालक ओशाळले. दुसऱ्या दिवसापासून खळीवर ते स्वतः लक्ष ठेवायला लागले. हे वाक्य इतकं टिकाऊ निघेल असं थोरलीलाही वाटलं नव्हतं. ती ते घरी घेऊन आली.

घरात बदल आधी तिच्या नवऱ्याला, थोरल्याला जाणवला. तो प्लंबर आहे. तुंबलेली गटारं मोकळी करून आला की त्याला घरात प्रवेश नसे. आधी मागच्या नळावर, मग साबण, मग पुन्हा नळ. हल्ली तो थेट पलंगावर बसायला लागला होता आणि बायको काही बोलत नव्हती.

"वय झालं की बायका समजूतदार होतात," त्याने जेवताना धाकट्या भावाला सांगितलं.

"माझी केव्हा होणार?"

"धीर धर."

धाकटी वाढत होती. भाऊजी गल्लीत शिरले तेव्हाच तिला कळलं होतं आणि जेवणं होईपर्यंत कळतच राहिलं. ती थोरलीकडे बघत राहिली. थोरली नवऱ्याच्या अगदी शेजारी बसून चवीने जेवत होती.

मग धाकटीच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा चांगला होता, फक्त लांब होता. तेव्हा वळसे होणारच होते, आणि तेही मोठे मोठे डबे भरून, कारण सासरच्या आख्ख्या गल्लीत वाटायचे. थोरलीने तारखा मोजल्या आणि शिकवायला घेतलं. मुहूर्त धाकट्याच्या माशांचा.

"अगं, इकडे ये."

धाकटी हात पुसत आली. "काय हो?"

"वास घे. काय कळतं?"

धाकटीने कढईकडे बघितलं, मग थोरलीकडे. "मी घेऊ?"

"मग काय शेजारणीला बोलावू?"

"अजून कच्चं आहे." धाकटी थोरलीच्या पाठीमागूनच वाकली. "थांबा हं. थांबा. आता आलं."

थोरलीने तुकडा सोडला. तेल तडतडलं. "जमेल," ती म्हणाली, "पण घाई करतेस."

धाकटीने रात्री नवऱ्याला सांगितलं, "वहिनी मला शिकवतायत."

"तुला? का?"

"तेच बघतेय."

शिकवणी चालू राहिली. तेल, दूध, भात लागला की नाही, गॅस नीट बंद आहे की नाही, सगळ्याची तोंडी परीक्षा. एकदा धाकटी म्हणाली, "तुम्हीच सांगा ना यावेळी." थोरली म्हणाली, "मी सांगितलं तर तू शिकणार केव्हा?" उत्तर बिनतोड होतं. पण धाकटी जेव्हा हमखास वेळेवर असायची तेव्हा थोरली म्हणायची "उशीर केलास", आणि एकदा ती मुद्दाम बऱ्याच उशिरा बोलली तेव्हा म्हणाली "आज बरोबर." ज्या बाईने एवढी वर्षं लाटण्याखालची जाडी बोटांनी ओळखली तिला एवढं पुरेसं होतं. आता फक्त खात्री करायची होती.

वळशांच्या दिवशी स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. खाली चादरीवर पट्ट्या पसरलेल्या, नवरीमुलगी त्यांना चिरा देत बसलेली, शेजारीण पिठीसाखरेची चाळणी घेऊन दाराशी. शेजारीण मदतीला आली होती हे खरं, पण तिच्या तोंडाला कुलूप नाही हेही खरं. या घरात सकाळी जे होतं ते तिच्यामुळे दुपारपर्यंत गल्लीभर होतं. कढईत कोरं तेल तापत होतं. थोरलीने ओट्याखालून दोन्ही बरण्या काढल्या आणि धाकटीसमोर ठेवल्या.

"ओळख."

धाकटीने पहिलं झाकण काढलं. भाजक्या मैद्याचा, आटलेल्या दुधाचा वास आला. दुसरं काढलं, आणि ते लगेच परत लावावंसं वाटलं. तिने काय करायचं ते आधीच ठरवलं होतं, तरी बोट जरा अडखळलं. मग तिने दुसरीकडे दाखवलं.

"ही."

"नक्की?"

"नक्की."

"बरोबर," थोरली म्हणाली. "वेळ लावलास, पण बरोबर." आणि तिने मासळीच्या तेलात पळी बुडवली.

झारा आता धाकटीचा होता. एक वाक्य बोलायचं, वहिनी, तुम्हाला वास येत नाही, की बास. शेजारीण साक्षीला होतीच. दारातून बाहेरच्या खोलीतली खुर्ची दिसत होती, रिकामी, हात पसरून बसलेली. नाही बोललं तर पोटच्या मुलीच्या वळशांना मासळीचा वास लागणार होता आणि नवी गल्ली तिला त्याच नावाने ओळखणार होती. धाकटीने तोंड उघडलं आणि तिला थोरलीचा चेहरा दिसला. थोरली पळीकडे बघत नव्हती, कढईकडे बघत नव्हती. ती धाकटीच्या तोंडाकडे बघत होती, पेपर सोपा गेला असं घरी सांगून बसलेलं पोर निकालाच्या फळ्याकडे बघतं तशी.

"थांबा, वहिनी."

पळी कढईवर थांबली.

"तुम्ही मुद्दाम बरोबर म्हणताय," धाकटी म्हणाली. "मला फसवायला. ही मासळीची आहे. मी चुकीची दाखवली तरी तुम्ही बोलला नाहीत."

शेजारणीची चाळणी थांबली. थोरलीने पळी सावकाश मासळीच्या बरणीत उलटी केली, ती पुसली, कोरडी केली, आणि दुसऱ्या बरणीत बुडवली. यात बराच वेळ गेला.

"आत्ता कळलं?" ती शेवटी म्हणाली. "बघत होते, केव्हा बोलतेस."

"बाई बाई," शेजारीण म्हणाली, "किती परीक्षा घ्याल हो जावेची!"

"घ्यावी लागते. उद्या मी नसले तर?"

"तुम्ही कुठे चाललात?"

पळीभर जुनं तेल कढईत गेलं.

धाकटी लाटायला परत गेली नाही. ती तळणीजवळच उभी राहिली, थोरलीच्या कोपराला कोपर लागेल इतकी. या घरात तळणीसमोर दोन बायका उभ्या होत्या आणि छप्पर जागच्या जागी होतं.

"आता तुम्ही टाकणार ना, वहिनी?" धाकटी म्हणाली.

"टाकतेच आहे," थोरली म्हणाली आणि तिने वळसा सोडला. वळसा फुलला.

"आता आच कमी करणार असाल."

"हात तिकडेच चाललाय माझा."

"आणि आता जरा थांबणार."

"मला काय घाई आहे?"

नवरीमुलगी खालून बघत होती. "तुम्ही दोघी असं काय बोलताय?"

"तू चिरा दे," दोघी म्हणाल्या.

पहिले घाणे उत्तम उतरले. शेजारणीने एक वळसा तुटका आहे असं सांगून खाल्ला, मग दुसराही तुटका निघाला. पण पट्ट्या संपत आल्या. लाटणारी तळणीजवळ उभी असल्यामुळे लाटायला कुणी नव्हतं, हे एवढ्या वेळात कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. कणीक फडक्याखाली वाट बघत होती. मुलीने हात झटकले. "आई, लाटणार कोण? मला जमत नाही तुझ्यासारखं."

धाकटीने पोळपाटाकडे बघितलं. ती जाऊन बसली असती तर थोरली एकटी कढईसमोर राहिली असती. ती हलली नाही.

"हात भरून आला माझा," थोरली म्हणाली. "झारा धर."

"असू द्या वहिनी, मी आहे ना, मी सांग..." धाकटीने जीभ चावली. "मी इथेच आहे म्हटलं."

"धर म्हणते ना."

धाकटीने झारा घेतला. मूठ गरम होती आणि सैल होती, हलत होती. इतकी वर्षं लांबून बघताना ती सैल असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. थोरली पदराला हात पुसत बाहेरच्या खोलीच्या दाराकडे गेली. धाकटी वळसा सोडायचा विसरून बघत राहिली. थोरलीने दार ओढलं, कडी लावली, आणि परत येऊन पोळपाटासमोर बसली.

तिने लाटणं हातात घेऊन जमाना झाला होता. पहिली लाटी एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला गायब झाली. दुसरी बरी म्हणायची, कारण ती निदान गोल नव्हती हे कबूल करत होती. तिच्या पट्ट्यांचे वळसे तेलात गेले आणि उशीसारखे टम्म फुगले.

"जाड होतंय, वहिनी."

"मला कळतंय," थोरली लाटतच म्हणाली. "बघत होते, तुला केव्हा कळतं."

धाकटीच्या हातातला झारा हलला. ती कढईकडे तोंड करून हसत होती, थोरली पोळपाटावर वाकून. शेजारीण कशाला हसायचं ते न समजता दोघींपेक्षा जास्त हसली. मग धाकटीने आच कमी केली आणि सांगितलं, "कडेकडेने दाबा. मधे नको. मधलं आपोआप होतं." थोरलीने कडेकडेने दाबलं. पुढची लाटी बरीच बरी झाली, पण ते धाकटीने सांगितलं नाही, कारण शिकणाऱ्याला लगेच बरोबर म्हणायचं नसतं हे ती नुकतंच शिकली होती.

दारावर थाप पडली. थोरला होता. लग्नाच्या जेवणासाठी मटारांची मोठी पिशवी घेऊन तो थेट कामावरून आला होता. मुलीने कडी काढली आणि तो आत एक पाऊल टाकतो न टाकतो तोच धाकटी म्हणाली, "भाऊजी, आधी मागच्या नळावर."

थोरल्याने बायकोकडे आशेने बघितलं.

"ऐकू आलं ना?" थोरली म्हणाली. "गल्लीत शिरलात तेव्हापासून वास येतोय."

थोरला गेला, साबण लावला, पुन्हा नळ सोडला. ओलं डोकं पुसत परत आला तेव्हा पिशवी दारातच होती.

"हे मटार सोलायचे कुणी?"

"तुम्ही," दोघी म्हणाल्या. थोरलीने मान वर केली नाही, धाकटीने पाठ वळवली नाही. शेजारणीने परात पुढे केली.

थोरला परात घेऊन बाहेरच्या खोलीत गेला आणि दुसरी जागा दिसली नाही म्हणून हाताच्या खुर्चीत बसला. खुर्ची फार आरामशीर आहे, असं त्याने आतल्यांना दोनदा ओरडून सांगितलं. आतून एका सुरात उत्तर आलं, "हो हो."